टेबलाचे हजार कुणाकडून घ्यायचे?

पत्र:

"आम्ही बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीतले सोळा हौशी मॉडेलवाले. कुणी प्लास्टिकची किट जोडतं, कुणी रेल्वे करतं, दोघे-तिघे उद्यमबागेतले टर्नर लेथवर वाफेची छोटी इंजिनं बनवतात, पोरं दिवाळीत किल्ले करतात. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनिवार-रविवार प्रदर्शन ठरवलंय, सकाळी १० ते संध्याकाळी ६, मध्ये एक तास जेवणासाठी बंद. हॉल ६० बाय ४० फुटांचा, त्यात २४ टेबलं बसतात. खर्चाचा अंदाज ६०,००० रुपये: हॉल ३०,०००, टेबल-खुर्च्या-कापड ९,०००, वीज आणि जनरेटर ६,०००, फलक-पत्रकं ५,०००, चहा-जेवण १०,०००. आमचे खजिनदार म्हणतात, मॉडेल मांडणाऱ्या प्रत्येकाकडून टेबलाला हजार घ्या, २४,००० आधीच हातात येतील. 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हे त्यांचं म्हणणं. बाकीच्यांना ते पटत नाही. कोल्हापूरच्या एका रेल्वेवाल्याला आणि निपाणीच्या दोघांना हजाराचं बोलून झालंय. रेल्वेवाल्याने तेव्हापासून फोन उचललेला नाही. पैसे सगळ्यांकडून घ्यावेत, फक्त बाहेरच्यांकडून घ्यावेत, की कुणाकडूनच नकोत?"

एक कार्यकर्ता, शहापूर

उत्तर:

आधी कोल्हापूरच्या त्या रेल्वेवाल्याला पुन्हा फोन लावा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. जागेचे पैसे नाहीत, एवढंच सांगा. निपाणीच्या दोघांनाही त्याच दिवशी कळवा. हौशी मंडळी एकमेकांना ओळखून असतात. एकाला माफ आणि दुसऱ्याला नाही, हे दोन दिवसांत सगळीकडे होतं.

तो गप्प का झाला, ते त्याच्या बाजूने मोजून बघा. एचओ हे मॉडेल रेल्वेचं नेहमीचं स्केल, १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं; दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. गाडी गोल फिरवायची तर वळणाला १८ इंच त्रिज्या तरी लागते. टोकाचं वळण ३६ इंचांचं झालं, दोन्ही बाजूंची कड धरली की साडेतीन फूट रुंदी. मंडपवाल्याचं टेबल सहा फूट बाय दोन फूट. म्हणजे बारा फुटी लेआउटला, म्हणजे रूळ जोडून केलेल्या मांडणीला, लांबीत दोन आणि रुंदीत दोन, अशी चार टेबलं. तुमच्या दराने ४,००० रुपये. त्याआधी टेम्पो आहेच. कोल्हापूर ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर, वाटेत कोगनोळी आणि हत्तरगी असे दोन टोल, आणि हे सगळं परतीलाही. छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सात फुटांचा, म्हणून लेआउट तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत आणायचा. इथं उतरवून तुकडे बोल्टने आवळायचे, तारा जोडायच्या, रुळांचे सांधे जुळवायचे. गाडी न घसरता फिरेपर्यंत चार-पाच तास जातात. म्हणजे शुक्रवारी दुपारीच येणं भाग आणि दोन रात्रींचा मुक्काम. एवढं सगळं स्वतःच्या खिशातून करायला तो तयार होता. त्यावर तुम्ही आणखी चार हजार मागितलेत.

टेबलावर दर लावण्यातली खोट इथंच आहे. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढणार, त्याच्यावर सगळ्यात मोठा बोजा. तीन मोटारी खोक्यात घालून स्कूटरवरून येणाऱ्यावर सगळ्यात कमी. जत्रेत खेळण्याच्या दुकानाकडून जागाभाडं घेतात, पाळण्यावाल्याकडून घेतात. पालखीकडून कुणी घेतल्याचं ऐकलंय का?

आणखी दोन गोष्टी बिघडतात, त्या पैसे घेताना दिसत नाहीत. पहिली म्हणजे, पैसे भरलेली जागा माणूस रिकामी ठेवत नाही. सहा फुटांच्या टेबलावर १:७२ ची विमानं किंवा १:३५ चे रणगाडे आठ-दहाच मांडले तर बघणाऱ्याला प्रत्येकाचं काम दिसतं. हजार भरले की तिथं तीस येतात, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली धुळकट किटही येतात, आणि दुपारपर्यंत टेबलाखाली विक्री सुरू होते. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. पैसे घेतलेत की तो गिऱ्हाईक झाला. मग "दाराजवळचं टेबल हवं", "खांबाआड नको", "मी चार वाजता निघणार" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि कच्चं काम नाकारण्याचा हक्क जातो तो वेगळाच. जागा फुकट असेल तर कोणाला बोलवायचं, कुठं बसवायचं आणि किती वाजेपर्यंत थांबवायचं, हे तुम्ही ठरवता. चोवीस टेबलांच्या प्रदर्शनात हा हक्क २४,००० रुपयांपेक्षा मोठा आहे.

इंग्लंडमध्ये मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांत जुना रिवाज उलटाच आहे. लेआउट आणणाऱ्याला आयोजक गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च देतात, विक्रेते जागेचे पैसे भरतात. प्लास्टिक किटच्या स्पर्धांत प्रवेश फी असते, पण ती परीक्षणासाठी दिलेल्या मॉडेलची; क्लबने नुसतं मांडलेलं टेबल वेगळं धरतात.

म्हणजे पैसे कुणाकडूनच नकोत, असं नाही. बघायला येणारा देईल, विकायला येणारा देईल, बक्षिसासाठी उतरणारा देईल. दाखवायला येणारा देणार नाही. पंचाईत होते ती या चौघांत न बसणाऱ्यांची, आणि तिथं धीट व्हावं लागतं. रोबोटिक्सचा क्लास दोन यंत्रमानव मांडतो आणि शेजारी प्रवेशाची पत्रकं ठेवतो, तो विक्रेता. बिल्डर आपल्या स्कीमचं मॉडेल आणतो. काम सुंदर असतं, पण तोही विक्रेता, आणि विक्रेत्यांसाठी ठेवायच्या चार टेबलांपैकी एक त्याला पूर्ण दराने द्या. कॉलेजच्या पोरांनी स्वतः केलेलं पुलाचं मॉडेल मात्र फुकट, मागे कॉलेजचं नाव लिहिलं असलं तरी. खूण सोपी आहे: टेबलावरून माणूस काय घेऊन जातो? डोळ्यांत भरून नेत असेल तर फुकट. पत्रक, व्हिजिटिंग कार्ड किंवा माल नेत असेल तर जागाभाडं.

आता खजिनदारांचं म्हणणं. "फुकट दिलं की किंमत राहत नाही" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याला औषध आहे: अनामत. प्रत्येक मांडणाऱ्याकडून ५०० रुपये घ्या. माणशी, टेबलागणिक नव्हे, नाहीतर रेल्वेवाल्याची जुनीच तक्रार उरते. किल्लेवाल्या पोरांकडून तीही नको. पावतीवर "अनामत, परत देय" असं ठळक छापा, आणि ती कधी बुडेल हे त्याच पावतीवर लिहा: बुधवारपर्यंत न कळवता गैरहजर राहिलात तर, रविवारी सहाच्या आधी सामान आवरलंत तर, किंवा कापडावर-टेबलावर गोंद-रंग सांडलात तर. आजारपण, घरातलं दुःख अशा कारणाने कुणी आला नाही तर पैसे गुपचूप परत करा, तिथं नियमावर बोट ठेवू नका.

अनामतीत एक खड्डा आहे आणि त्यात बरीच मंडळं पडतात. हॉलवाला आगाऊ रक्कम मागतो, खजिनदारांच्या हातात अनामतीचे पैसे असतात, आणि "नंतर गल्ल्यातून भरू" म्हणून ते तिकडं जातात. रविवारी संध्याकाळी गल्ला मोजून झालेला नसतो, मांडणारे सामान बांधून रांगेत उभे असतात, आणि परत द्यायला पैसे नाहीत. ही रक्कम तुमची नाही, ती फक्त तुमच्याकडे ठेवलेली आहे. मंडळाच्या खात्यात भरा, कुणाच्या खासगी मोबाइलवर मागवू नका, आणि वहीत वेगळ्या पानावर लिहा. शनिवारी रात्रीच नावं लिहिलेली पाकिटं तयार करा. रविवारी सहानंतर एकाने टेबल बघायचं, दुसऱ्याने त्याच जागी पाकीट हातात द्यायचं. ऑफिसात रांग लावू नका. आणि "देणगी म्हणून ठेवू का?" असं पाकीट देताना विचारू नका. माणूस भिडेने हो म्हणतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. दाराशी पेटी ठेवा, ज्याला द्यायचं तो टाकेल.

खजिनदारांची खरी काळजी मात्र निराळी असावी, आणि ती रास्त आहे. त्यांना नफा नकोय, प्रदर्शनाआधी हातात रोख हवी आहे. ते २४,००० दुसरीकडून उभे राहतात: तुम्ही सोळा जण प्रत्येकी १,५०० रुपये बिनव्याजी उसने द्या. १६ गुणिले १,५०० म्हणजे बरोबर २४,०००. गल्ल्यातून पहिल्यांदा हेच फेडायचं. ज्यांनी प्रदर्शन करायचं ठरवलं त्यांनी जोखीम घ्यावी. पाहुण्यांना बोलावून त्यांच्याकडून आगाऊ रक्कम उभी करणं म्हणजे जेवायला बोलावून शिधा मागणं.

साठ हजारांची जुळणी अशी बसते. चार टेबलं विक्रेत्यांना ठेवा: किट, रंग, गोंद, ब्लेड-पटाशी, रेल्वेचं सामान. दोन दिवसांचे प्रत्येकी ३,०००, म्हणजे १२,०००. पंधरा दिवस आधी भरायचे, परत मिळणार नाहीत, त्यांचं जेवण त्यांचं. एकाच मालाचे दोघे घेऊ नका, दोघेही रडतात. त्यांना दाराशी बसवू नका. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसवा, म्हणजे माणूस मॉडेलं बघत तिथं पोचतो आणि पोचेपर्यंत त्याला काहीतरी घ्यावंसं वाटू लागतं. खाण्याचा स्टॉल एकच, ५,०००, आणि तो हॉलच्या बाहेर. भज्यांच्या तेलाचा हात काचेवर एकदा लागला की दिवसभर पुसत बसावं लागतं. राहिले ४३,०००. त्यातले १६,००० चार प्रायोजकांकडून, प्रत्येकी ४,०००. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये जा, पण "प्रदर्शनाला मदत करा" असं म्हणू नका. नेमकी वस्तू दाखवा. "हे इंजिन लेथवर घडवलंय, याच्या टेबलामागच्या कार्डावर तुमचं नाव." दिवसभर कास्टिंग बघणाऱ्या माणसाला अंगठ्याएवढं सिलिंडर दाखवलं की बोलणं लवकर संपतं. पाचवा मिळाला तर त्याचे ४,००० थेट कोल्हापूरच्या टेम्पोला द्या. फलक एक दाराशी आणि नाव त्या-त्या कार्डावर. टेबलांवर शुभेच्छांचे बॅनर लावू दिलेत तर प्रदर्शनाचा वाढदिवस होतो.

उरले २७,०००. तिकीट ३० रुपये ठेवलं तर ९०० तिकिटं. दोन दिवसांत चौदा तास दार उघडं आहे, म्हणजे तासाला ६४, मिनिटाला एकाहून थोडं जास्त. रविवारी संध्याकाळी हे सहज होतं, शनिवारी सकाळी होत नाही. म्हणून शनिवारी सकाळ शाळांना द्या, शिक्षकांसह वर्ग आला तर मुलामागे १० रुपये, आणि ते पैसे या हिशोबात धरूच नका. दहा वर्षांखालचं मूल पालकांबरोबर फुकट. तिकिटाला हातावर शिक्का मारा, म्हणजे जेवून परत येता येतं. समजा ९०० ऐवजी ५००च तिकिटं खपली: १५,००० आले, तूट १२,०००, सोळा जणांत माणशी ७५०. हा आकडा आजच्या बैठकीत सांगा आणि सगळ्यांकडून कबूल करून घ्या. तो कबूल नसेल तर हॉल लहान घ्या, पण टेबलाच्या हजारांकडे परत वळू नका.

स्पर्धा ठेवणार असाल तर पहिल्या मॉडेलला १०० रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला ५०. हा पैसा पदकं, प्रमाणपत्रं आणि परीक्षकांच्या चहापाण्यातच संपवा. हॉलच्या भाड्यात तो मिसळला की बक्षिसं कमी करायचा मोह होतो.

सभासदांचं काय? त्यांच्याकडूनही टेबलाचे पैसे नकोत, पण सभासदाचं टेबल म्हणजे रजा नव्हे. प्रत्येकाने दोन दिवसांत चार तास काम करायचं: दार, तिकीट, वाहनतळ, चहा. आपलं टेबल तेवढा वेळ शेजाऱ्याच्या नजरेखाली. बाहेरच्याकडून घ्यायचे आणि सभासदाकडून नाही, ही तुमच्या पत्रातली मधली वाट सगळ्यात वाईट. निपाणी, खानापूर, चंदगडकडचा माणूस आधीच प्रवासात खर्च करून आलेला असतो. त्यालाच दंड का?

जुनी किट विकण्याची हौस सगळ्यांनाच असते. ती टेबलाखालून होण्यापेक्षा एक सामाईक टेबल ठेवा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: नाव, किंमत, नंबर. विक्रीवर मंडळाला दहा टक्के. बाकी कुठल्याही टेबलावर विक्री दिसली तर एकदा समजावून सांगायचं, दुसऱ्यांदा त्याला विक्रेता धरून ३,००० ची पावती फाडायची.

मांडणारा फुकट आला तरी त्याला पाहुणा म्हणून वागवा. टेबलामागे दोघे धरले तर वीस टेबलांची चाळीस माणसं. दोन दिवसांची ८० जेवणं ८० रुपयांनी ६,४००. दिवसाला दोन चहा, १६० कप दहा रुपयांनी १,६००. झाले ८,०००. तुमच्या दहा हजारांत स्वयंसेवकांच्या खाण्याला २,००० उरतात. कुपनं शुक्रवारीच हातात द्या. अकरा वाजता चहा टेबलावर पोचवा, कारण टेबल सोडून त्याला जाता येत नाही.

आता जागा. २४ टेबलं तुमच्या हॉलमध्ये बसतात, पण ती कशी बसतात यावर सगळं आहे. लांब भिंतींना प्रत्येकी सात, म्हणजे ४२ फूट. उरलेली जागा बाजूच्या दाराला आणि कोपऱ्यांना. भिंत आणि टेबल यांत अडीच फूट सोडा, मांडणाऱ्याला उभं राहायला. मध्ये पाच-पाच टेबलांच्या दोन रांगा पाठीला पाठ, त्यांच्यात चार फूट. मग दोन्ही बाजूंना साडेअकरा फुटांची वाट उरते. टेबलापासून दीड फुटावर दोरी बांधलीत की चालायला साडेआठ फूट. दोरी सव्वातीन फूट उंचीवर बांधतात आणि पोरं तिच्याखालून जातात; ती दोन फूट उंचीवर बांधा. एका टेबलावर "हात लावा" असं लिहून फुटकी-तुटकी मॉडेलं आणि एक जुना रूळ-गाडीचा संच ठेवा, बाकीच्या टेबलांचा निम्मा त्रास कमी होतो. किल्ल्यांना टेबल देऊ नका, चार बाय चार फुटांचा मातीचा किल्ला त्यावर तोलत नाही. त्यांना स्टेजवर जमिनीवर बसवा, खाली ताडपत्री.

रेल्वेची चार टेबलं मधल्या रांगांच्या एका टोकाला जोडून घ्या, तिथं तीन बाजूंनी बघता येतं. लेआउटला स्वतःचे पाय असतील तर टेबलं मोकळी होतात, म्हणून फॉर्मवर ते विचारा. फॉर्म आठ आठवडे आधी पाठवा आणि "टेबलं किती हवीत?" असं विचारू नका; सगळे दोन लिहितात. लांबी, रुंदी, उंची, वजन, किती वॅट वीज, काही हलतं-फिरतं का, सोबत किती माणसं, शुक्रवारी किती वाजता पोचणार, एवढंच विचारा. टेबलं तुम्ही ठरवा. आठवडाभर आधी हॉलचा नकाशा सगळ्यांना पाठवा आणि शुक्रवारी टेम्पो यायच्या आधी खडूने जमिनीवर नंबर टाका.

शुक्रवारचं नाव चारदा आलं, म्हणून विचारतो: तुमच्या ३०,००० मध्ये शुक्रवारची संध्याकाळ धरली आहे का? दोन दिवसांचं भाडं म्हणजे बहुतेक ठिकाणी शनिवार सकाळपासून. सफाई, मीटरप्रमाणे वीज आणि जीएसटी वेगळे आहेत का, तेही लेखी घ्या. शिवाय तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्या तारखांना मंडपवाला टेबलं शब्द देऊनही दुसरीकडे पाठवतो. मुहूर्त बघून तारीख धरा आणि टेबलांचे थोडे पैसे आधी मोजा. तरी डिसेंबरात ढकलू नका: कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला भरलं की लॉजच्या खोल्या आणि बंदोबस्ताचे पोलीस दोन्ही दुर्मीळ.

विजेचं गणित घाबरण्यासारखं नाही. रेल्वेचा कंट्रोलर शंभर वॅटच्या आसपास, दिवे त्याहून कमी, एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर दीडशेच्या घरात. सगळा हॉल मिळून तीन किलोवॅटमध्ये भागतो. बिघडतं ते एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडल्याने आणि त्यातच कुणी चहाची किटली लावल्याने. किटली एकटीच दीड-दोन हजार वॅट ओढते, सहा अँपिअरच्या सॉकेटला ते पेलत नाही आणि अर्ध्या हॉलचा एमसीबी पडतो. भिंतीकडची दोन आणि मधली एक अशा तीन वेगळ्या लाइनी घ्या, तारा वाटेत आल्या तर कापडी टेपने पूर्ण झाकून चिकटवा. हेस्कॉमची वीज गेल्यावर जनरेटर सुरू होताना झटका येतो, त्याआधी कंट्रोलर बंद करायला सांगा.

रिमोटच्या विमानांचे पंखे काढूनच टेबलावर ठेवायचे. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या टेबलावर चार्ज करायच्या नाहीत. बाहेर पत्र्याच्या टेबलावर, शेजारी वाळूची बादली आणि समोर माणूस. फुगलेली बॅटरी हॉलमध्ये येऊ देऊ नका. मैदानात उडवून दाखवण्याचा बेत असेल तर सोडून द्या. सांबऱ्याचा विमानतळ जवळ आहे, आणि ड्रोन नियम, २०२१ खाली विमानतळाभोवतीचा पट्टा लाल-पिवळ्या क्षेत्रात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही अशा भागात, मोडतो.

टर्नर मंडळींची इंजिनं हॉलमध्ये वाफेवर चालवू नका. दाबाच्या हवेवर ती तितकीच सुरेख फिरतात. बिनभाराच्या छोट्या इंजिनाला २० ते ३० पीएसआय दाब पुरतो. कॉम्प्रेसर बाहेर, पाइप आत, मध्ये रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर. हवेवर चालवताना पातळ मशीन ऑइल वरचेवर द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन धरतो. कुणाला बाहेर अंगणात खरी वाफ दाखवायचीच असेल तर बॉयलरची पाण्याने दाब-चाचणी झाल्याचा कागद मागा. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट. कागद नसेल तर काडी पेटवू द्यायची नाही, तो मंडळाचा अध्यक्ष असला तरी.

रात्रीचा पहारा तुमचा, मोडतोडीची जबाबदारी ज्याची त्याची, हे फॉर्मवर स्वच्छ लिहून सही घ्या. विमा काढलेला नसेल तर तसंही लिहा. फुकट जागा दिली म्हणून हे लिहायला संकोच वाटतो, आणि मग एखादं गलबत पडलं की भांडण मंडळाशी होतं.

राहिली कार्डं. प्रत्येक मॉडेलसमोर एक, पोस्टकार्डाएवढं: नाव, स्केल, कशाचं केलं, किती तास लागले. मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. बघणाऱ्यांत दोन्ही बोलणारे असणार, आणि शनिवारी सकाळी कन्नड शाळांचीही पोरं येणार. कन्नड मजकूर छापायच्या आधी एखाद्या कन्नड शिक्षकाला दाखवून घ्या. मोबाइलने केलेल्या भाषांतरात "मालगाडी"चं काय होईल सांगता येत नाही.